उत्तर कोरियाचं रॉकेट नेमकं किती वजन उचलतं?

उत्तर कोरिया आपल्या रॉकेटची खरी माहिती कुणाला देत नाही. पण सोर्स कोड हातात नसला तरी आउटपुट बघून सिस्टिम ओळखता येते, हे आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना रोजचंच आहे. इथेही तेच लागू पडतं.

१२ डिसेंबर २०१२ रोजी उन्हा-३ रॉकेटने उपग्रह कक्षेत सोडला. दक्षिण कोरियाच्या नौदलाने पहिल्या टप्प्याची ऑक्सिडायझरची टाकी समुद्रातून बाहेर काढली. टाकीच्या आकारमानावरून तिथल्या तज्ज्ञांनी इंजिनांचा जोर काढला: सुमारे ११८ टन. याच रॉकेटचं क्षेपणास्त्र केलं तर ५०० किलोचं अस्त्र १०,००० किमीवर जाईल, असा त्यांचा अंदाज होता. उपग्रह मात्र जेमतेम १०० किलोचा!

एवढा फरक का? ५०० किमी उंचीच्या कक्षेत टिकायला सेकंदाला साधारण ७.६ किमी वेग लागतो. क्षेपणास्त्राला जरा कमी वेग पुरतो. शेवटचा तो थोडासा वेगच फार महाग पडतो.

शिवाय कक्षेतलं अस्त्र खाली आणायला ब्रेक लावणारं इंजिन हवं, उष्णतारोधक कवच हवं. हे सगळं १०० किलोत बसवणं माझ्या मते अशक्यच. अर्थात नंतरची ह्वासाँग-१७ सारखी क्षेपणास्त्रं बरीच मोठी आहेत, त्यामुळे निर्धास्त राहून चालणार नाही.

म्हणून पुढच्या वेळी ‘अंतराळात अणुबॉम्ब’ अशी बातमी दिसली की दोनच प्रश्न विचारा: वजन किती? आणि ते न जळता खाली येईल का?