ग्रिफिथच्या सावलीतला दिग्दर्शक : जे. सर्ल डॉली

१/ अमेरिकी मूकपटांचा विषय निघाला की पहिले नाव येते डी. डब्ल्यू. ग्रिफिथ यांचे. परंतु १९०८ च्या ‘रेस्क्यूड फ्रॉम ॲन ईगल्स नेस्ट’ या लघुपटात ग्रिफिथ केवळ नट होते. त्या काळी एडिसन कंपनीत दिग्दर्शनाची धुरा वाहत होते जे. सर्ल डॉली. त्यांचे नाव आज किती जणांना ठाऊक आहे?

२/ डॉली यांचा जन्म १८७७ चा, कोलोरॅडोतला. पिंड रंगभूमीचा. ब्रुकलिनच्या स्पूनर नाटक कंपनीत त्यांनी अभिनय, लेखन आणि रंगमंच व्यवस्थापन केले. १९०७ मध्ये एडविन पोर्टर यांनी त्यांना एडिसन कंपनीत आणले. पोर्टर कॅमेरा सांभाळत आणि नटांकडून काम करवून घेणे डॉलींकडे असे. नाटकाच्या तालमीची शिस्त अशी कॅमेऱ्यासमोर आली.

३/ १९१० मध्ये त्यांनी ‘फ्रँकेन्स्टाईन’ केला. राक्षसाचा जन्म दाखवण्यासाठी एक पुतळा जाळला आणि ते चित्रण उलटे फिरवले. राखेतून देह घडत गेल्याचा भास झाला.

४/ १९१६ चा त्यांचा ‘स्नो व्हाइट’ कॅन्सस सिटीत एका किशोराने पाहिला. तो होता वॉल्ट डिस्ने. १९३७ मध्ये त्याने त्याच कथेवर आपला पहिला पूर्ण लांबीचा सचेतनपट काढला.

५/ मग विस्मरण का? एक कारण प्रसिद्धीचे. १९१३ च्या अखेरीस ग्रिफिथ यांनी चक्क वृत्तपत्रात जाहिरात देऊन चित्रतंत्रातील अनेक शोधांचे श्रेय स्वतःकडे घेतले. डॉलीही स्वतःला ‘पहिला दिग्दर्शक’ म्हणवत. पण तो दावा शब्दशः टिकत नाही. फ्रान्समध्ये ॲलिस गी १८९६ पासूनच दिग्दर्शन करत होत्या.

६/ दुसरे कारण अधिक गंभीर आहे. अमेरिकी काँग्रेस ग्रंथालयाच्या २०१३ च्या अभ्यासानुसार तिथले सुमारे ७० टक्के पूर्ण लांबीचे मूकपट कायमचे नष्ट झाले आहेत. ‘फ्रँकेन्स्टाईन’ अनेक दशके हरवलेलाच मानला जात होता. ‘स्नो व्हाइट’ची प्रत १९९२ मध्ये नेदरलँड्समध्ये सापडली.

७/ म्हणून ‘जनक’ आणि ‘पहिला’ ही बिरुदे जपून वापरावीत. ती बहुधा त्यांच्याच वाट्याला येतात, ज्यांच्या फिती वाचल्या आणि ज्यांनी स्वतःची नोंद स्वतः करून ठेवली. डॉलींच्या बहुतेक कामाची आज परीक्षाच करता येत नाही. ते सामान्य होते असा निष्कर्ष त्यावरून काढणे अन्यायाचे ठरेल.