बदलीच्या गावचा माणूस

नोकरीत असताना जिंतूर, गंगाखेड, पाथरी असा आमच्या परभणी जिल्ह्यातच माझा फेरा झाला. नवी शाखा म्हणजे पहिल्या दिवशी थकबाकीची यादी, दुसऱ्या दिवशी रुसलेले खातेदार. वसुली जरा मार्गी लागली की बदलीचा हुकूम! शाबासकी मागून येणारा साहेब घेऊन जाई. (हा सल अजून गेलेला नाही, कबूल करतो.) म्हणूनच असेल, लालचंद राजपूत यांची कारकीर्द मला अगदी ओळखीची वाटते.

बहुतेकांना ते आठवतात मुंबईचे सलामीवीर म्हणून. कसोटी सामने दोनच, तेही १९८५ सालचे. २००७ मध्ये भारताने पहिला ट्वेंटी-२० विश्वचषक जिंकला तेव्हा ते संघाचे क्रिकेट व्यवस्थापक होते, हेही पुष्कळजण विसरले. पण खरे काम त्यांनी परमुलखात केले.

२०१६ मध्ये ते अफगाणिस्तानचे प्रशिक्षक झाले. ज्यांना स्वतःच्या देशात सामना भरवता येत नव्हता, असा तो संघ. २२ जून २०१७ रोजी अफगाणिस्तानला कसोटीचा दर्जा मिळाला आणि त्याच वर्षी राजपूत यांची मुदत संपली. अफगाणिस्तानची पहिली कसोटी जून २०१८ मध्ये झाली ती भारताविरुद्ध, बंगळूरला. प्रशिक्षक होते फिल सिमन्स. राजपूत तोवर झिंबाब्वेत पोचले होते!

तिथली थकबाकी तर अक्षरशः थकबाकीच होती. खेळाडूंचे पगार रखडलेले, त्या जुलैत ब्रेंडन टेलर, सिकंदर रझा यांच्यासारखे मोहरे संघाबाहेर. पाकिस्तानच्या फखर झमानने बुलावायोला नाबाद २१० धावा कुटल्या. ती मालिका झिंबाब्वेने पाच-शून्य गमावली. माझ्यासारखा माणूस दुसऱ्या दिवशी रजेचा अर्ज लिहिता. राजपूत थांबले. चारच महिन्यांनी सिल्हेटला झिंबाब्वेने बांगलादेशाला १५१ धावांनी हरवले. परदेशातला त्यांचा १७ वर्षांतला पहिला कसोटी विजय.

२०२० मध्ये संघ पाकिस्तानात जायला निघाला, तेव्हा भारतीय वकिलातीच्या विनंतीवरून राजपूत यांना मागे राहावे लागले. परक्या संघाची जबाबदारी घेतली तरी पासपोर्ट आपलाच असतो. रावळपिंडीला पोरांनी सुपर ओव्हरमध्ये एक सामना जिंकला, गुरुजी नसताना. पुढे २०२४ मध्ये ते संयुक्त अरब अमिरातीकडे गेले. मे २०२५ मध्ये त्या संघाने शारजात बांगलादेशाकडून मालिका जिंकून घेतली.

बाहेरून आलेल्या गॅरी कर्स्टन यांना २०११ मध्ये आपल्या खेळाडूंनी वानखेडेवर खांद्यावर घेतले, योग्यच केले. पण इथून बाहेर गेलेल्याचे काम आपण कुणाच्या खात्यात जमा करतो? संदीप पाटील यांनी २००३ मध्ये केनियाला विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत नेले, तेही आपल्याला केनियाचा चमत्कार म्हणूनच आठवते. 'कसोट्या किती खेळला?' हा आपला पहिला प्रश्न. माझ्या मते तो चुकीच्या खिडकीवर विचारलेला प्रश्न आहे.

राजपूत कधी मराठवाड्यात आले, तर मी त्यांना १९८५ बद्दल काही विचारणार नाही. फखरच्या त्या २१० धावांनंतर, बुलावायोच्या त्या संध्याकाळी, पगार न मिळालेल्या पोरांना ते काय म्हणाले, एवढेच विचारीन.