राउटरचा पासवर्ड 'ॲडमिन'

गेल्या महिन्यात आमच्या शाळेत नववीतल्या एका मुलाला मुख्याध्यापकांसमोर उभं केलं. गुन्हा काय, तर त्याने शाळेच्या वायफायचा राउटर उघडला. मोबाइलच्या ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकलं, नाव 'ॲडमिन', पासवर्डही 'ॲडमिन'. झालं! मला हळूच म्हणाला, "सर, मैंने तोड़ा नहीं, वो खुलाच था."

मी उर्दू आणि मराठी शिकवतो. संगणकाशी माझा संबंध बी.एड.पुरताच. पण शिष्यवृत्तीचे फॉर्म मीच भरतो. मुलांचे आधार क्रमांक, बँक खाती, आईवडिलांचं उत्पन्न, सगळं त्याच राउटरमधून जातं. मुलाचा राग आला नाही. स्वतःची लाज वाटली.

मग शिकायला बसलो, बरंचसं त्याच मुलाकडून. वायफायचा पासवर्ड आणि राउटरचा पासवर्ड या दोन वेगळ्या किल्ल्या आहेत, हेही मला ठाऊक नव्हतं. दुसरी किल्ली ज्याच्या हाती, तो राउटरमधलं डीएनएस बदलू शकतो. डीएनएस म्हणजे इंटरनेटची पत्त्यांची वही. वहीच बदलली, तर तुम्ही बँकेचं नाव अचूक टाइप कराल आणि पोहोचाल भलत्याच्या दारात. अशा वेळी ब्राउझर सहसा धोक्याचा इशारा देतो. पण फॉर्मची शेवटची तारीख असते, साइट रडतखडत चाललेली असते, आपण 'पुढे जा' दाबतो. मीही दाबलंय.

एचटीटीपीएस दिसलं की साइट खरी, असाही माझा समज होता. त्याचा अर्थ एवढाच, की पाकीट सीलबंद आहे आणि वाटेत कुणी वाचणार नाही. ज्या पत्त्यावर पाठवलं तो पत्ताच ठगाचा असेल तर सील काय करणार?

'आमच्या राउटरमध्ये कुणाला काय रस?' असं स्टाफरूममध्ये एकाने विचारलं. २०१६ साली मिराई नावाचा प्रोग्रॅम जगभरचे कॅमेरे आणि राउटर शोधत फिरला. त्याच्याकडे कंपनीने घालून दिलेल्या नाव-पासवर्डांच्या साठेक जोड्या होत्या, बस्स. ज्यांनी पासवर्ड बदलला नव्हता, त्यांची यंत्रं त्याची फौज झाली. २१ ऑक्टोबर २०१६ला याच फौजेने डिन या डीएनएस कंपनीवर हल्ला केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट्स अमेरिकेत काही तास अडल्या. कॅमेऱ्याच्या मालकांना पत्ताही नव्हता.

आपल्या जलशांत अल-किंदीचं नाव अभिमानाने घेतलं जातं. घ्यावंच. नवव्या शतकात बगदादमध्ये बसून त्याने गुप्त लिपीतली अक्षरं किती वेळा येतात ते मोजून मजकूर उलगडायची रीत लिहून ठेवली. पण त्याचं नाव घेणाऱ्या शाळेचा पासवर्ड 'ॲडमिन' असावा? अभिमान बाळगायला खर्च येत नाही, शिकायला दोन संध्याकाळ द्याव्या लागतात.

आणि आपण शिकवतो काय? 'ओटीपी देऊ नका', 'लिंक उघडू नका'. सूचना बरोबर आहेत, पण का ते कुणी सांगत नाही. नुसत्या भीतीने आमच्या अम्मी आता फोनच उचलत नाहीत. डीएनएस, राउटर, सीलबंद पाकीट हे उर्दूत किंवा मराठीत एका तासात समजावता येतं. मी सातवीला समजावलं. इंजिनिअर लागला नाही.

त्या मुलालाही एक गोष्ट सांगितली. दार उघडं असलं तरी दुसऱ्याच्या घरात इजाजतीशिवाय शिरायचं नसतं, आणि २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३ हेच म्हणतं. खुलं दिसलं तर आधी येऊन सांग. त्याला ते पटलं. मुख्याध्यापकांना मात्र त्याचं नाव काळ्या यादीतून काढायला पटवणं जास्त कठीण गेलं, दोन दिवस लागले.

नवा पासवर्ड आम्ही तिघांनी बसून ठेवला. लिहून, पाकिटात घालून, ऑफिसच्या कपाटात. उठता उठता पोरगं छताकडे बघत म्हणालं, "सर, कैमरे का भी देखें क्या?"