न दिसणारे विमान, न दिसणारा हिशेब

२२ नोव्हेंबर १९८८ रोजी कॅलिफोर्नियातील पामडेल येथे नॉर्थ्रॉप कंपनीच्या कारखान्यात ‘बी-२’ हे बॉम्बफेकी विमान जगाला प्रथम दाखविण्यात आले. निमंत्रितांना ते केवळ समोरून पाहण्याची मुभा होती. परंतु वरचे आकाश बंद करण्याचे कोणाला सुचले नाही, आणि एका विमानविषयक साप्ताहिकाने लहान विमानातून त्याची मागील बाजू टिपली. विमानाचे गुपित असे पहिल्याच दिवशी फुटले. त्यावर होणारा खर्च मात्र त्याआधी कित्येक वर्षे करदात्यांपासून दडविला गेला होता.

रडारच्या लहरी परत जाऊ न देणारा सलग पंखाचा आकार, लहरी शोषणारा लेप आणि विमानाच्या पाठीत दडविलेली इंजिने, ही या तंत्राची मुख्य अंगे आहेत. लहरी कडांवरून कशा विखुरतात याचे गणित प्योत्र उफिम्त्सेव या सोव्हिएत शास्त्रज्ञाने १९६२ मध्ये प्रसिद्ध केले होते. अमेरिकी हवाई दलाने १९७१ मध्ये त्याचे भाषांतर करविले आणि लॉकहीड कंपनीच्या तंत्रज्ञांनी त्यावरून रडारला चकविणारे पहिले विमान रेखले. ज्ञान सर्वांचे असते. त्यातून होणारा नफा मात्र मोजक्यांचा ठरतो.

आता अर्थशास्त्राकडे वळू. मूळ योजना १३२ विमानांची होती. १९९० मध्ये ती ७५ वर आली. सोव्हिएत संघ विसर्जित झाल्यावर जानेवारी १९९२ मध्ये २० वर थांबली आणि अखेरीस २१ विमाने झाली. संशोधनाचा स्थिर खर्च एवढ्या थोड्या विमानांवर वाटला गेल्याने, अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण यंत्रणेच्या १९९७ मधील हिशेबानुसार प्रत्येक विमान दोन अब्ज डॉलरांहून महाग पडले. ही सरासरी आहे. पुढचे विमान याहून स्वस्त पडले असते, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परंतु नेमका हाच युक्तिवाद कारखानदारांच्या पथ्यावर पडतो. ‘एवढा पैसा ओतलाच आहे, तर आणखी घ्या,’ असे ते म्हणू शकतात. याचा अर्थ, खरा निर्णय खरेदीच्या वेळी होतच नाही. तो संशोधनाचा पहिला डॉलर मंजूर होतो तेव्हाच होऊन जातो, आणि तेव्हा तर सर्व काही गोपनीय असते!

या विमानाची उत्तराधिकारी ‘बी-२१’ डिसेंबर २०२२ मध्ये पामडेललाच दाखविण्यात आली आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रथम उडाली. अशी किमान शंभर विमाने घेण्याचा संकल्प आहे. सरासरी किंमत आवाक्यात राहावी यासाठी मोठी संख्या हवी, असे सांगितले जाते. किंमत संख्येवर टेकलेली असल्याने ती संख्या कमी करण्याचा विचारही उद्या अव्यवहारी ठरेल.

या यंत्राने काय साधले? ७ मे १९९९ च्या रात्री ‘बी-२’ने बेलग्रेडमधील चिनी वकिलातीवर बॉम्ब टाकले आणि तीन चिनी पत्रकार प्राणास मुकले. नकाशातील पत्ता चुकला, असे स्पष्टीकरण अमेरिकेने दिले. जून २०२५ मध्ये अशाच सात विमानांनी इराणच्या अणुकेंद्रांवर चौदा महाकाय बॉम्ब टाकले. प्रतिपक्षाला दिसतही नाही, असे शस्त्र हाती असले की वाटाघाटींचा धीर सुटतो, ही आम्हांला यातील सर्वांत गंभीर बाब वाटते.

१९५३ मध्ये स्वतः सेनानी राहिलेल्या अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी एका बॉम्बफेकी विमानाची किंमत शाळा, वीजकेंद्रे आणि रुग्णालये यांत मोजून दाखविली होती. त्यांच्या देशाने ते मोजमाप बाजूला ठेवले. आपण ते हाती घ्यावे. रडारला चकविणाऱ्या लढाऊ विमानाच्या विकासासाठी आपल्या केंद्र सरकारनेही मार्च २०२४ मध्ये सुमारे १५ हजार कोटी रुपये मंजूर केले आहेत. संरक्षणाची गरज आम्ही नाकारीत नाही. परंतु किती विमाने, कोणत्या किमतीत आणि कोणत्या कामांचे पैसे रोखून, ही उत्तरे संसदेने आजच मागितली पाहिजेत. पैसा ओतून झाल्यावर विचारलेल्या प्रश्नाला ‘आता मागे फिरता येणार नाही’ एवढेच उत्तर मिळते.