डोकं फिरलंय? कोण म्हणतं!

मंडळी, हॉस्टेलमध्ये ‘सायको’ हा शब्द आपण किती स्वस्त केलाय! रात्री तीनला ड्रॉइंग शीट पूर्ण करणारा सायको, सबमिशन वेळेत देणारा तर डबल सायको. पण तोच मुलगा खरंच कौन्सेलरकडे जाऊन आला, की मेसच्या टेबलावर एकदम शांतता. मग कुजबुज. म्हणूनच मला ‘ट्विस्टेड’ हे जॅझ गाणं आवडतं.

त्याचा जन्मच गमतीशीर आहे. वॉर्डेल ग्रे या अमेरिकन सॅक्सोफोनवाल्याने १९४९ मध्ये ही धून रेकॉर्ड केली. शब्द नव्हतेच. १९५२ मध्ये ॲनी रॉस या तरुण गायिकेने त्याच्या सोलोवर सुरागणिक शब्द बसवले. आपल्या संगीत नाटकांतही तयार चालीवर पदं लिहायचे. पण इथे चाल म्हणजे सॅक्सोफोनने मारलेल्या उड्या अन् गिरक्या! या प्रकाराला व्होकलीज म्हणतात. पुढे १९७४ मध्ये जोनी मिचेलनेही हे गाणं गायलं.

आणि विषय? सायकोॲनालिसिस! कोचावर पडून मनातलं बोलायची फ्रॉइडची पद्धत तेव्हा अमेरिकेत जोरात होती. गाण्यातली बाई सांगते, डॉक्टर म्हणतात माझं डोकं ठिकाणावर नाही, पण मला नाही पटत. मी तर लहानपणापासूनच जीनियस! पुरावा म्हणून ती एकेक किस्सा सांगते आणि बाजू भक्कम होते डॉक्टरांची. आपल्याला हसू येतं, पण तिची कीव येत नाही. कारण बोलतेय ती स्वतः.

माझं म्हणणं एवढंच. मनाच्या आजारावर विनोद करूच नये, असं मुळीच नाही. फक्त तो कोण करतंय ते बघावं. ज्याचं दुखतंय त्याने केला तर त्याचं ओझं हलकं होतं. आपण चौघांनी मिळून त्याच्यावर केला, तर पुढच्या वेळी तो कौन्सेलरच्या दारातूनच परत फिरतो.

कुणी म्हणेल, “ती बाई तरी कुठे डॉक्टरचं ऐकते?” मान्य. पण ती डॉक्टरकडे गेली तरी होती! आपल्याकडे बॅकलॉग, ब्रेकअप, घरची कटकट, सगळं उशीखाली दाबून झोपायची पद्धत. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन २०२२ पासून सुरू आहे. नंबर १४४१६, चोवीस तास, फुकट. मेसचा मेनू लागतो तिथेच हा नंबरही लावायला रेक्टर सरांची हरकत नसावी.

आणि तो लावल्यावर त्याखाली पेनाने कुणाचं नाव लिहू नका, प्लीज!