एकाच डिसेंबरचे दोन हिशेब

पी. व्ही. नरसिंह राव २००४ साली २३ डिसेंबरला दिल्लीत वारले. त्याच्या बरोबर बारा वर्षे आधी, १९९२ च्या २३ डिसेंबरला, राज्यसभेने पंचायतींना घटनेत जागा देणारी ७३ वी घटनादुरुस्ती मंजूर केली होती. लोकसभेत ती आदल्याच दिवशी झाली होती. आज आमच्या भागात जी बाई पंच म्हणून ठरावावर सही करते, तिची खुर्ची त्या दोन दिवसांत तयार झाली. आणि त्याच महिन्याच्या ६ तारखेला अयोध्येत बाबरी मशीद पाडली गेली. दोन्ही वेळी पंतप्रधान रावच होते.

रावांची पुण्यतिथी आली की दिल्ली-हैदराबादकडचे लोक त्यांच्यावर लिहितात. मध्य प्रदेशातल्या आमच्या लामत्याने लिहिण्याचे कारण काय, असे कोणी विचारील. कारण आहे. १९८४ च्या निवडणुकीत राव दोन ठिकाणी उभे होते. आपल्या घरच्या हनमकोंड्यात ते भाजपच्या उमेदवाराकडून पडले. देशभर भाजपच्या दोनच जागा आल्या, त्यातली ती एक. त्यांना लोकसभेत पाठवले ते रामटेकने, आणि १९८९ मध्ये पुन्हा पाठवले. नागपूरजवळचे रामटेक आम्हाला परके नाही. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नागपूर हीच आमची राजधानी होती. मध्ये सीमा आली तरी सोयरिकी थांबल्या नाहीत, आणि जमिनीखालचा मँगनीजचा पट्टा तर सीमा मानतच नाही. तिकडे मनसरला निघते तेच इकडे भरवेलीला निघते. विद्यार्थिदशेत वंदे मातरम् च्या चळवळीपायी रावांना निजामाच्या राज्यातले उस्मानिया विद्यापीठ सोडावे लागले, तेव्हा त्या मुलांना दार उघडले नागपूर विद्यापीठाने. पुढे कायदाही ते नागपुरातच शिकले. मराठी ते घरच्यासारखी बोलत.

नुसती बोलत नव्हते. हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी त्यांनी तेलुगूत नेली, ‘अबला जीवितम्’ या नावाने. यमूची ती गोष्ट मराठी घरात सांगावी लागत नाही. नवरा गेला, केस गेले, आणि तिच्या आयुष्याबद्दलचा प्रत्येक निर्णय तिला न विचारता घेतला गेला. ते पुस्तक शब्दाशब्दाने दुसऱ्या भाषेत उतरवणारा माणूस पंतप्रधान असताना देशातल्या प्रत्येक पंचायतीत किमान एक तृतीयांश जागा बायकांसाठी राखल्या गेल्या. या दोहोंचा कार्यकारणसंबंध आम्ही लावत नाही. पण ज्याने यमू वाचली, त्याला या कलमाचे वजन कळले नसेल असेही आम्हाला वाटत नाही.

श्रेयाचा हिशेब मात्र चोख मांडला पाहिजे. पंचायतींना घटनेत जागा देण्याचा पहिला मोठा प्रयत्न राजीव गांधींचा. ते ६४ वे दुरुस्ती विधेयक १९८९ मध्ये राज्यसभेत अडले. रावांकडे लोकसभेत स्वतःचे बहुमतसुद्धा नव्हते. तरी त्यांनी सगळ्या पक्षांना बरोबर घेऊन ते काम तडीस नेले, आणि तेही देश पेटलेला असताना. २४ एप्रिल १९९३ पासून दुरुस्ती लागू झाली. तिच्यानुसार पंचायतीच्या निवडणुका घेणारे देशातले पहिले राज्य आपले मध्य प्रदेश, साल १९९४. वर्षानुवर्षे पटेलाच्या ओसरीवर जे ठरायचे, ते त्यानंतर निदान कागदावर तरी ग्रामसभेत ठरू लागले.

१९९१ च्या आर्थिक धोरणावर पुष्कळ लिहिले गेले आहे. परकीय चलन दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरते उरले होते, ४७ टन सोने परदेशात गहाण पडले, आणि त्यातून देश बाहेर आला. ते मोठे काम होते. त्यावर इथे अधिक लिहीत नाही.

आता ६ डिसेंबर. उत्तर प्रदेश सरकारने सर्वोच्च न्यायालयाला शब्द दिला होता, त्यावर विसंबलो, असे रावांचे म्हणणे. गुन्हा घडण्याआधी राज्य सरकार बरखास्त करता येत नाही, असेही. केंद्राची दले फैजाबादजवळ थांबलेली होती. दुपार टळेपर्यंत तिन्ही घुमट खाली आले. मग १५ डिसेंबरला भोपाळमधले भाजपचे पटवा सरकार बरखास्त झाले. राजस्थान आणि हिमाचलचेही. जबलपूरच्या उच्च न्यायालयाने ती बरखास्ती रद्द ठरवली, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९४ च्या बोम्मई निकालात ती योग्य ठरवली. कायदा काहीही म्हणो, बरखास्तीचे जे कलम ६ तारखेच्या आधी लखनौवर वापरता आले नाही ते नऊ दिवसांत भोपाळवर वापरता आले, हे आम्ही मध्य प्रदेशवाल्यांनी आमच्या डोळ्यांनी पाहिले आहे. त्या डिसेंबरात भोपाळमध्ये दंगलीत माणसे मेली. मुंबईत डिसेंबर आणि जानेवारी मिळून ९०० गेली, हा श्रीकृष्ण आयोगाचा आकडा.

मग एवढ्या मोठ्या माणसाला एकाच दिवसावरून जोखायचे का? रावांचे चाहते हाच प्रश्न करतात. अमेरिकेत तो राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सनबद्दल अर्धशतकाहून अधिक काळ चालला आहे. काळ्या नागरिकांना समान हक्क देणारा १९६४ चा कायदा आणि मतदानाचा हक्क पक्का करणारा १९६५ चा कायदा त्यांच्याच सहीचे. व्हिएतनाममध्ये लाखो सैनिक पाठवणारी सहीही त्यांचीच. तिथले इतिहासकार अजून एका मतावर आलेले नाहीत, आणि ते आम्हाला चांगले लक्षण वाटते. अलाबामात पहिल्यांदा मत टाकलेल्या म्हातारीचा जॉन्सन आणि व्हिएतनामात मुलगा गमावलेल्या आईचा जॉन्सन यांची बेरीज-वजाबाकी करून एकच आकडा काढता येत नाही. काढला तर त्यात दोघींपैकी एकीला गप्प बसवावे लागते.

आपल्याकडे मात्र नेमके तेच होते. राव गेले तेव्हा त्यांचे पार्थिव त्यांच्याच पक्षाच्या दिल्लीतल्या मुख्यालयाच्या फाटकाशी थांबले, आत गेले नाही. अंत्यसंस्कार २५ डिसेंबरला हैदराबादला झाले. ज्याने पाच वर्षे देश चालवला त्याला एवढीही जागा न देणे हा कोतेपणा होता. एकोणीस वर्षांनी, ३० मार्च २०२४ ला, त्यांना मरणोत्तर भारतरत्न दिले गेले. सत्ता दुसऱ्यांची होती. त्याच महिन्याच्या ४ तारखेला सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी १९९८ चा एक जुना निकाल मोडीत काढला होता. पैसे घेऊन सभागृहात मत देणाऱ्या खासदाराला त्या निकालाने संरक्षण दिले होते, आणि तो निकाल ओळखला जातो रावांच्याच नावाने. जुलै १९९३ चा अविश्वास ठराव त्यांच्या सरकारने २६५ विरुद्ध २५१ मतांनी परतवला, त्या मतांच्या व्यवहारातून तो खटला उभा राहिला. राव स्वतः २००२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात निर्दोष सुटले. एकाच मार्चमध्ये एकीकडे रत्न आणि दुसरीकडे त्या निकालाची मूठमाती. त्यांच्या हयातीचा हिशेब अजून मिटलेला नाही, हे यातून दिसते.

आमचे मत आम्ही स्पष्ट सांगतो. ६ डिसेंबरला पंतप्रधान म्हणून राव कर्तव्यात चुकले. ती चूक कोणत्याही पुरस्काराने पुसली जाणार नाही. ७३ वी दुरुस्ती ही स्वातंत्र्यानंतर खेड्यांना मिळालेली सर्वांत मोठी गोष्ट आहे. तीही त्यांच्याच खात्यावर आहे, आणि ६ डिसेंबरच्या देण्यात तिची वळती करता येणार नाही. मुंबईत ज्याचे घर जळाले त्याला पंचायतराजचे दाखले देऊ नयेत. आमच्या पंच बाईलाही, तुझी खुर्ची कलंकित पंतप्रधानाने दिली, असे कोणी ऐकवू नये.

ही खुर्ची अजून पुरती तिची झालेली नाही. मध्य प्रदेशात पंचायतीतल्या निम्म्या जागा आता बायकांच्या आहेत, पण आमच्या भागात ‘सरपंचपती’ हा शब्द सगळ्यांना ठाऊक आहे. सही तिची, बैठकीत बसणार तो, ठेकेदाराशी बोलणार तो. हा दोष रावांच्या खात्यावर टाकता येणार नाही. तो आपला आहे, तुमचा आणि आमचा.

येत्या २६ जानेवारीला ग्रामसभा आहे. घरातल्या बायकांना घेऊन या, त्यांना पुढे बसवा, आणि सरपंच बाई बोलायला उभी राहिली की तिच्या नवऱ्याला खाली बसायला सांगा.