दत्तक मूल : खरा खर्च किती?

बियाण्याची पिशवी घेताना आपण पक्कं बिल मागतो. मूल दत्तक घेताना मात्र पावतीचं नाव कुणी काढत नाही. बोंडअळीच्या पाहणीला गेलो असता बांधावरच एका जोडप्याने विचारले, "साहेब, एक जण दोन लाखांत मूल मिळवून देतो म्हणतो. कापूस विकला की देऊन टाकू का?"

उत्तर एकच : एक रुपयाही देऊ नका. पैसे देऊन मूल घेणे हा बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ८१ खाली गुन्हा आहे. पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपये दंड होतो. पैसा जातो, मूलही हातचे जाते.

आता खरा हिशोब पाहा. नोंदणी 'कारा' या केंद्रीय प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर होते. २०२२ च्या नियमावलीप्रमाणे घरभेट अहवालाचे ६,००० रुपये, बालसंगोपन निधीचे ५०,००० आणि नंतरच्या दोन वर्षांतील चार भेटींचे प्रत्येकी २,०००. एकूण ६४,००० रुपये, तेही टप्प्याटप्प्याने आणि पावती घेऊन. यावर देणगी मागण्याचा संस्थेला अधिकार नाही. आदेशासाठीचा अर्जही संस्थाच दाखल करते.

पैशापेक्षा मोठा खर्च वेळेचा. लहान बाळासाठी काही वर्षे थांबावे लागते. दोन वर्षांपर्यंतचे मूल हवे असेल, तर नवरा-बायकोच्या वयाची बेरीज ८५ च्या पुढे चालत नाही. म्हणून "पुढच्या सालाला बघू" असे करू नका. माहिती जिल्हा बाल संरक्षण कक्षात मिळते.

भावाचे मूल हिंदू दत्तक कायद्याने (१९५६) घेत असाल, तर नुसत्या ओटीत घालण्यावर भागवू नका. दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदवा. नाहीतर उद्या सातबाऱ्यावर वारस लावताना भाऊबंदकी उभी राहते. इथेही पैशाची देवाणघेवाण गुन्हाच आहे.

सरपंच, ग्रामसेवक आणि पोलीस पाटील यांनाही सांगणे आहे. गावात टाकून दिलेले बाळ सापडले, किंवा एखादी आई मूल सांभाळू शकत नसेल, तर ते परस्पर कुणाला देऊ नका. १०९८ ला फोन करा. पुढचा निर्णय बाल कल्याण समिती घेते.

कापसाचे पैसे आले की आधी कागद करा. ज्या व्यवहाराला पावती नाही, त्यात पडू नका.